तपासणी हिरवी, पान विस्कटलेलं: मराठी मॅन्युअलमधल्या मांडणीच्या चुका परत परत का येतात

लक्षण

मॅन्युअलची मार्कडाउन फाइल, म्हणजे साध्या मजकुरात खुणा घालून मांडणी सांगणारी फाइल, पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मुख्य फाइलींत घेण्याच्या विनंतीत) येते. मार्कडाउनलिंट हा तपासणारा प्रोग्रॅम (लिंटर) चालतो, हिरवी टिक लागते. कुणीतरी नजर फिरवून मंजुरी देतं, मर्ज होतं, साइट तयार होते. मग पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसमधून सुपरवायझरचा फोन येतो: “ताई, तुम्ही तिसरी पायरी म्हणताय, पण इथं तिसरीला भलतंच लिहिलंय. आणि पुढच्या पानावर तर सगळं एकाच परिच्छेदात कोंबलंय. कुठनं सुरुवात करू?” ते पान दुरुस्त होतं. पुढच्या रिलीजला तीच चूक दुसऱ्या पानावर हजर.

आमच्याकडची मांडणी आधी सांगते, म्हणजे पुढचं लागेल. सॉफ्टवेअर द्राक्षाच्या पॅकहाउसांसाठी आहे: गाडीची आवक, वजनकाटा, प्रतवारी, पेट्यांवरची लेबलं. लिहिणारे आम्ही नाशिकच्या अंबडला बसतो, वाचणारे निफाड आणि दिंडोरी तालुक्यांत. त्यातले बरेच ऑपरेटर हंगामापुरते येतात. पहिल्या दिवशी कुणीतरी स्क्रीन दाखवतं, त्यानंतर त्यांना आधार मॅन्युअलचाच. मजकूर मराठीत, आणि त्याच फाइली दोन ठिकाणी दिसतात. साइट एमकेडॉक्स बनवतं, तर ॲपमधल्या ‘मदत’ खिडकीत मार्कडाउन-इट ही जावास्क्रिप्ट लायब्ररी त्या दाखवते. सगळा घोळ या ‘दोन ठिकाणी’मध्ये आहे.

कारण: तपासणारा एका नियमानं वाचतो, छापणारा दुसऱ्या

२००४ साली जॉन ग्रुबर यांनी मार्कडाउन आणलं तेव्हा नियम बरेचसे मोघम होते. प्रत्येक साधनानं आपापला अर्थ लावला. २०१४मध्ये कॉमनमार्क हा काटेकोर नियमसंच आला आणि २०१७मध्ये गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटनं त्यावर आधारलेला आपला नियमसंच जाहीर केला. हॅशनंतर स्पेस न सोडता लिहिलेली शीर्षकं तेव्हाच जुन्या फाइलींमधून साध्या मजकुरात गेली. मार्कडाउनलिंट आणि मार्कडाउन-इट कॉमनमार्क मानतात. एमकेडॉक्सच्या पोटात मात्र पायथन-मार्कडाउन आहे आणि ते २००४च्या मूळ वर्तनाला धरून चालतं.

म्हणजे हिरवी टिक खोटी नसते. लिंटर आपल्या नियमांनी बरोबरच बोलतो, फक्त तुमची साइट त्या नियमांनी तयार होत नाही.

फोनवरची ‘तिसरी पायरी’ कशी सरकली ते बघा. मूळ फाइलीत असं होतं:

```
1. काटा चालू करा.
   - हिरवा दिवा लागेपर्यंत थांबा.
   - आकडा शून्यावर आहे ना ते बघा.
2. गाडीचा नंबर टाका.
3. वजन घ्या.
```

उपमुद्द्यांआधी तीन स्पेस आहेत. कॉमनमार्कला तेवढ्या पुरतात, कारण `1. ` नंतरचा मजकूर तिथूनच सुरू होतो. ॲपच्या मदत खिडकीत आणि गिटहबवर उपमुद्दे आत सरकलेले, ठिपक्यांसह दिसतात. पायथन-मार्कडाउनला आतल्या यादीसाठी चार स्पेस लागतात. तीन दिसल्या की ते डॅश असलेली ओळसुद्धा बाहेरच्याच आकड्यांच्या यादीतली पुढची पायरी धरतं. साइटवर ‘हिरवा दिवा’ होतो क्रमांक २, ‘आकडा शून्यावर’ क्रमांक ३, आणि ‘वजन घ्या’ पाचवर जाऊन बसतं. आम्ही गिटहब उघडून फोनवर “तिसरी पायरी करा” म्हणायचो आणि समोरचा माणूस साइट बघून शून्याचा आकडा तपासत बसायचा. दोघांचंही बरोबर.

इथं पहिला उपाय सुचतो तो मार्कडाउनलिंटच्या एमडी००७ या, उपमुद्द्यांआधीच्या स्पेस तपासणाऱ्या नियमाला चार स्पेस सांगण्याचा. तो पुरत नाही. एमडी००७ आतल्या यादीकडे तेव्हाच बघतो जेव्हा तिच्या बाहेरच्या सगळ्या याद्या ठिपक्यांच्या असतात. आकड्यांच्या यादीतले डॅश तो सोडून देतो, आणि पायऱ्यांच्या मॅन्युअलमध्ये नव्वद टक्के वेळा तीच रचना असते म्हणा ना. आम्ही शेवटी स्वतःचा छोटा नियम लिहिला: कोड ब्लॉकच्या बाहेर, डॅशनं किंवा आकडा-टिंबानं सुरू होणाऱ्या ओळीआधीच्या स्पेस चारच्या पटीतच हव्यात. चार स्पेस कॉमनमार्कलाही चालतात, त्यामुळे दोन्ही ठिकाणी सारखं दिसतं.

याच कुळातल्या आणखी दोन चुका. परिच्छेदानंतर रिकामी ओळ न सोडता यादी सुरू केली की कॉमनमार्क ती यादी मानतं, पायथन-मार्कडाउन तिला परिच्छेदाचाच भाग करतं. ‘सगळं एकाच परिच्छेदात कोंबलंय’ ते हेच. यासाठी एमडी०३२ तयारच आहे. आमच्याकडे तो ‘उगाच कटकट करतो’ म्हणून बंद करून ठेवलेला होता, कारण गिटहबवर तर बरोबर दिसत होतं. तुमच्याकडे बंद केलेल्या नियमांची यादी असेल तर आधी ती उघडा. दुसरी चूक यादीच्या आत घातलेल्या तीन बॅकटिकांच्या कोड ब्लॉकची. पायथन-मार्कडाउनचं मूळ एक्स्टेंशन तो यादीत ओळखत नाही. पायएमडाउनचं सुपरफेन्सेस लावलं की प्रश्न मिटतो.

मराठीपुरता भाग, जिथे लिंटर बोलतच नाही

वरच्या चुका इंग्रजी मॅन्युअलमध्येही होतात. पुढच्या चुकांबद्दल तयार नियमसंचांत मला काही सापडलं नाही.

सगळ्यात जास्त त्रास आकड्यांनी दिला. आपण पायऱ्या लिहितो तेव्हा हात सहज `१.` किंवा `१)` कडे जातो. आता बघा काय होतं. कॉमनमार्क यादीचा आकडा म्हणून फक्त 0 ते 9 मानतं, तेव्हा `१.` त्याच्या लेखी साधा मजकूर. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरात नमुने शोधायच्या भाषेत) ‘कोणताही अंक’ म्हटलं की देवनागरी अंकही त्यात येतात, म्हणून पायथन-मार्कडाउन `१.` ची बिनतक्रार यादी करतं. उलट `1)` ही कॉमनमार्कमध्ये यादी आहे, पायथन-मार्कडाउनला मात्र कंस चालत नाही, टिंबच लागतं. आणि `१)` दोघांपैकी कुणालाच कळत नाही. चारही ठिकाणी डोळ्यांना यादीच दिसते, पण दोन्हीकडे यादी ठरतो तो एकटा `1.`.

यातला खरा खड्डा `१.` मध्ये आहे. साइटवर ती यादी होत असल्यामुळे लिहिणारा निर्धास्त असतो. लिंटरला मात्र ती यादी दिसतच नाही, त्यामुळे रिकाम्या ओळीचा नियम, स्पेसचा नियम, क्रमांकांचा नियम, सगळे त्या भागावरून डोळे मिटून पुढे जातात. एमडी०३२ परत चालू केल्यावरही आमची काही पानं विस्कटतच राहिली, ती यामुळे. नियम साधा ठेवला: कोडबाहेरची ओळ, सुरुवातीला हव्या तेवढ्या स्पेस, मग देवनागरी अंक, मग टिंब किंवा कंस, मग स्पेस, असं दिसलं की चूक. फाइलीत `1.` लिहायचं. वाचणाऱ्याला १, २, ३ दिसावं यासाठी सीएसएसमध्ये यादीच्या खुणेचा प्रकार ‘देवनागरी’ असा देता येतो. ती सोय ब्राउझरमध्ये तयार आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही.

आकड्यांची उलटी चूक कोड ब्लॉकमध्ये होते. कुणीतरी मराठी कीबोर्ड चालू ठेवूनच प्रिंटरचा पत्ता `१९२.१६८.१.५०` असा टाकतं. वाचणारा तो तसाच उचलून सेटिंगमध्ये चिकटवतो आणि लेबल प्रिंटर काही सापडत नाही. हे लवकर लक्षात येत नाही, कारण काही ठिकाणी असे आकडे चालूनही जातात. पायथनच्या ‘इंट’ला `८०८०` दिलं तर तो मुकाट ८०८० करून देतो. नियम: बॅकटिकांच्या आत देवनागरी अंक नको, कॉमेंटची ओळ सोडून.

मग प्रत्यय. बटणाचं नाव ठळक करायचं आणि लगेच ‘वर’, ‘ला’, ‘मध्ये’ जोडायचं, ही आपली रोजची वाक्यरचना. `**जतन**वर क्लिक करा` हे दोन्हीकडे चालतं. पण `**जतन (सेव्ह)**वर` किंवा `**"जतन"**ला` लिहिलं की कॉमनमार्कमध्ये ठळक होत नाही आणि चांदण्या (`**`) तशाच्या तशा छापल्या जातात. कारण असं की बंद करणाऱ्या चांदण्यांच्या आधी विरामचिन्ह आणि नंतर लगेच अक्षर असेल, तर कॉमनमार्क त्या चांदण्यांना ‘बंद करणाऱ्या’ मानतच नाही. साइटवर हेच ठळक दिसतं, ॲपमध्ये चांदण्या. अंडरस्कोअर वापरून तिरकं केलेलं `_जतन_वर` मात्र दोन्हीकडे उघडं पडतं. यासाठी तपासणी लिहिली आहेच, पण त्याहून चांगला उपाय लिहिण्याच्या सवयीतला आहे: प्रत्यय नावाला न जोडता ‘बटण’, ‘रकाना’, ‘यादी’ या शब्दाला जोडायचा. `**जतन (सेव्ह)** बटणावर क्लिक करा`. वाक्यही जास्त स्पष्ट होतं.

अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग हा तर आपला जुनाच आजार. ‘टीपः’, ‘पोर्टः’. मांडणी बिघडत नाही, पण त्याच मॅन्युअलमध्ये अर्ध्या ठिकाणी ‘टीप:’ असलं की शोधताना अर्धी पानं निसटतात. शब्दाच्या शेवटी विसर्ग दिसला की इशारा द्यायचा आणि ‘तः’नं संपणारे शब्द (स्वतः, विशेषतः, अंशतः) सोडून द्यायचे. याला चूक न ठरवता इशाराच ठेवा. अपवाद निघत राहतात.

ओळीच्या लांबीचा एमडी०१३ हा नियम मराठी फाइलींसाठी सरळ बंद करा. त्याची मूळ मर्यादा ८० आहे, आणि मोजणी डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांची नसते. ‘स्त्री’ हे एक अक्षर तिथे सहा भरतं: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. हा नियम चालू ठेवला की पहिल्याच दिवशी शेकड्यानं तक्रारी येतात आणि त्या ढिगाऱ्यात कामाची तक्रार हरवते.

दुवे तुटतात: मात्रा आणि अर्धा र

मांडणीत ‘या भागाकडे जा’ हे दुवेही आले. त्यांचं दुखणं निराळं आणि जास्त गुंतलेलं आहे.

प्रत्येक शीर्षकाला साइट एक ओळख देते आणि दुवा त्या ओळखीकडे जातो. पायथन-मार्कडाउन मूळ सेटिंगवर ही ओळख बनवताना इंग्रजी अक्षरं सोडून बाकी सगळं फेकतं. पूर्ण मराठी शीर्षकातून उरतं शून्य, मग `_1`, `_2`, `_3` अशा ओळखी मिळतात. मध्ये एक नवं शीर्षक घातलं की त्याखालचे सगळे क्रमांक सरकतात आणि जुने दुवे गुपचूप भलत्या भागाकडे जातात. दुवा तुटलेला नसतो, त्यामुळे दुवे तपासणारं कुठलंही साधन काही बोलत नाही.

यावर सगळीकडे सांगितला जाणारा उपाय म्हणजे युनिकोड ठेवणारं स्लगिफाय, म्हणजे शीर्षकातून ओळख बनवणारं फंक्शन, वापरणं. मराठीत तोही अर्धवट आहे. ते अक्षरं ओळखायला पायथनची मूळ रेग्युलर एक्स्प्रेशन लायब्ररी वापरतं, आणि त्या लायब्ररीच्या ‘शब्दातलं अक्षर’ या व्याख्येत मात्रा, अनुस्वार, हलन्त बसत नाहीत. ते गळून पडतात. ‘गाडी नोंद’ या शीर्षकाची ओळख होते `गड-नद`. ‘गडी नोंद’ या मजुरांच्या हजेरीच्या शीर्षकाचीही तीच. दोन्ही एका पानावर आली की दुसऱ्याला शेपूट लागतं, `गड-नद_1`. आवकेचा दुवा दाबल्यावर हजेरी उघडायला एवढं पुरेसं आहे.

आम्ही आपोआप ओळख बनवणं सोडून दिलं. एट्रलिस्ट एक्स्टेंशन चालू करून प्रत्येक दुसऱ्या पातळीच्या शीर्षकापुढे महिरपी कंसात हॅश देऊन रोमन लिपीत हातानं ओळख लिहायची, आणि ती नसेल तर तपासणीनं अडवायचं. एमकेडॉक्स १.६पासून पानाच्या आतल्या दुव्यांची ओळख खरंच आहे का तेही तपासतं. मूळ सेटिंगवर ते फक्त माहिती म्हणून छापतं, ‘वॉर्न’वर आणायचं आणि बिल्ड स्ट्रिक्ट मोडमध्ये चालवायचं, म्हणजे चुकीच्या दुव्यावर बिल्ड थांबतं.

पण शोध आणि शब्दसूची यांच्यासाठी आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे ‘व्यापाऱ्याची नोंद’मधला अर्धा र. तो तीन तऱ्हांनी टाइप झालेला सापडतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे, म्हणजे शून्य रुंदीचा जोडक. स्क्रीनवर तिन्ही हुबेहूब सारखे. पहिले दोन एनएफसी सामान्यीकरणानं, म्हणजे एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या तऱ्हा एकसारख्या करायच्या युनिकोडच्या पद्धतीनं, एक होतात. तिसरा होत नाही, त्याला वेगळा बदल लागतो: र, हलन्त, झेडडब्ल्यूजे दिसलं की ऱ आणि हलन्त.

इथं एक धोका सांगून ठेवते. ‘अदृश्य अक्षरं काढा’ असं सांगणारी तयार स्वच्छता साधनं झेडडब्ल्यूजे नुसता उडवतात. मग अर्ध्या र चा रफार होतो, ‘दऱ्या’ लिहिलेलं ‘दर्या’ होतं. शून्य रुंदीची स्पेस आणि न तुटणारी स्पेस काढायला हरकत नाही. उलट न तुटणारी स्पेस हॅशनंतर आली तर कॉमनमार्क तिला स्पेस मानत नाही आणि शीर्षकाचा साधा मजकूर होतो, म्हणून ती काढायलाच हवी. जोडकाला मात्र हात लावायचा तर वरचाच बदल करायचा.

“माझ्या मशिनवर चालतंय”

नियम लिहून झाले की ते वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं बोलायला लागतात. दोन प्रकार हमखास भेटतात.

पहिला: लॅपटॉपवर सगळं हिरवं, सीआय सर्व्हरवर (प्रत्येक बदलानंतर तपासण्या आपोआप चालवणाऱ्या) कोडमधल्या प्रत्येक मराठी शब्दाला ‘कोडमध्ये देवनागरी अंक’ अशी चूक. कोडमधले अंक आम्ही ग्रेप या शोधायच्या कमांडनं `[०-९]` शोधून पकडत होतो. सीआयच्या कंटेनरमध्ये लोकॅल (भाषेचं सेटिंग) ‘सी’ होतं, आणि त्यात ग्रेप अक्षरं न बघता बाइट बघतं. `०` चे तीन बाइट, मधला डॅश, `९` चे तीन बाइट, यातला डॅश मग ‘ए६पासून ई०पर्यंतचा कोणताही बाइट’ असा अर्थ घेतो. आणि ई० हा तर प्रत्येक देवनागरी अक्षराचा पहिला बाइट. म्हणजे सगळी मराठी अक्षरं ‘अंक’ ठरली. लोकॅल सी-यूटीएफ-८ दिलं की थांबतं. आम्ही पुढे तपासणीच पायथनमध्ये हलवली.

दुसरा: पायथनमध्ये हलवल्यावर विंडोजवाल्यांकडे स्क्रिप्ट मध्येच कोसळते, ‘बाइट ०एक्स८डी वाचता येत नाही’ असं म्हणत. फाइल उघडताना एन्कोडिंग सांगितलं नाही तर विंडोजवर बहुधा सीपी१२५२ हे जुनं एन्कोडिंग धरलं जातं, आणि त्यात ८डी या बाइटला अक्षरच नाही. हलन्ताचा शेवटचा बाइट नेमका ८डी. म्हणून गंमत अशी होते की एखादी छोटी, जोडाक्षर नसलेली फाइल सुखरूप पार पडते आणि पहिलं जोडाक्षर आलं की स्क्रिप्ट आपटते. प्रत्येक वेळी फाइल उघडताना यूटीएफ-८ स्पष्ट लिहा. जमत नसेल तर पायथन ३.७पासून असलेला यूटीएफ-८ मोड एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलनं चालू करता येतो.

तयार झालेलं पान तपासा

सगळ्यात जास्त फळ ज्या तपासणीनं दिलं ती मूळ फाइलीकडे बघतच नाही. बिल्ड झाल्यावर तयार झालेली एचटीएमएल पानं उघडायची, ‘प्री’ आणि ‘कोड’ टॅगमधला मजकूर बाजूला ठेवायचा आणि उरलेल्या, म्हणजे वाचणाऱ्याला दिसणाऱ्या मजकुरात मार्कडाउनची चिन्हं शिल्लक आहेत का ते शोधायचं. भाजी निवडून झाल्यावर परातीत खडे राहिले का बघतात, तसंच. जोडीच्या चांदण्या, ओळीच्या सुरुवातीचे हॅश, तीन बॅकटिक, चौकोनी कंस आणि त्याला चिकटून गोल कंस, परिच्छेदाच्या पोटात `1.` किंवा `१)` नं सुरू होणाऱ्या ओळी. यातलं काहीही वाचणाऱ्याला दिसायचं कारण नाही. दिसलं तर कुठल्या नियमसंचानं घोळ घातला हे न बघताही चूक पक्की. पायथनच्या मूळ एचटीएमएल पार्सरवर ही स्क्रिप्ट पानभरात बसते.

ॲपच्या मदत खिडकीसाठी हेच परत करायचं, फक्त पान मार्कडाउन-इटकडून बनवून घ्यायचं. तिथली सेटिंग ॲपमधल्यासारखीच ठेवा, लायब्ररीची आवृत्तीही तीच.

या तपासणीत एक भोक आहे. यादी चुकीच्या पातळीवर गेली, पण यादीच राहिली, तर चिन्ह काही उरत नाही. ‘तिसरी पायरी’ची चूक इथून निसटते, तिच्यासाठी चार स्पेसचा मूळ फाइलीवरचा नियम लागतोच. शिवाय दोन्हीकडच्या पानांतल्या प्रत्येक यादीत वरच्या पातळीचे किती मुद्दे आहेत ते मोजून ताळा घेतला, आकडे जुळले नाहीत की पानाचं नाव छापलं. ही तपासणी अगदी ओबडधोबड आहे, पण जुन्या पानांतल्या सरकलेल्या पायऱ्या तिनंच बाहेर काढल्या.

बसवताना

प्री-कमिट हुक, म्हणजे कमिट होण्याआधी लॅपटॉपवर आपोआप चालणाऱ्या तपासण्या, सोयीचे आहेत, भरवशाचे नाहीत. रिपॉझिटरी नव्यानं क्लोन केली की ते आपोआप बसत नाहीत, आणि घाईत कमिट करणाऱ्याला ते टाळताही येतात. हंगामाच्या तोंडावर तर टाळले जातातच, त्यात रागावण्यासारखं काही नाही. अडवायचं काम सीआयमध्येच ठेवा. दोन्हीकडे एकच स्क्रिप्ट आणि साधनांच्या आवृत्त्या गोठवलेल्या.

आपोआप दुरुस्तीबद्दल हात आखडता ठेवा. ओळीच्या शेवटच्या स्पेस काढणारा हुक निरुपद्रवी वाटतो, पण मार्कडाउनमध्ये शेवटी दोन स्पेस म्हणजे ‘इथे ओळ तोडा’. हुकनं त्या काढल्या आणि लेबलवरच्या पत्त्याच्या नमुन्यातल्या चारही ओळी एकीत मिसळल्या, कमिटमध्ये मात्र फक्त ‘व्हाइटस्पेस’ दिसत होतं. हुकला मार्कडाउन फाइलींचं एक्स्टेंशन सांगून या दोन स्पेस वाचवता येतात. ओळ तोडायला बॅकस्लॅश वापरायचा सल्ला मिळेल, तो कॉमनमार्कला चालतो, पायथन-मार्कडाउनला मूळ सेटिंगवर नाही. आमच्याकडे अशा जागी सरळ बीआर टॅग लिहितात आणि कच्च्या एचटीएमएलला अडवणाऱ्या एमडी०३३ला त्या एका टॅगची सूट दिली आहे. मदत खिडकीसाठी मार्कडाउन-इटमध्ये एचटीएमएलला परवानगी द्यावी लागते, कारण मूळ सेटिंगवर तो टॅग तसाच छापला जातो. ही परवानगी देताना फाइली आपल्याच रिपॉझिटरीतल्या आहेत ना, एवढं बघा.

जुन्या मॅन्युअलवर सगळे नियम एकदम सोडू नका. आम्ही तपासणी आधी फक्त बदललेल्या फाइलींना लावली, आणि अडवणारे नियम पाचच: चार स्पेस, यादीआधी रिकामी ओळ, देवनागरी अंकांची यादी, कोडमधले देवनागरी अंक, तयार पानातली उरलेली चिन्हं. बाकीचे इशारे. पानं हाताखालून जातील तशी साफ होत गेली. एखाद्या ठिकाणी नियम मुद्दाम मोडायचा असेल तर त्याच ओळीआधी कॉमेंटमध्ये नियम बंद करायचा आणि कारण लिहायचं. कारणाशिवायची सूट दिसली तर तपासणी तिलाही अडवते, कारण एमडी०३२ असाच कुणी कधी का बंद केला ते शोधताना गिटचा सगळा इतिहास चाळावा लागला होता आणि कमिटवर फक्त ‘फिक्स’ एवढंच लिहिलेलं होतं.